टासमध्ये वेळ कशी मोजतात आणि ग्लिच कसे चालतात: आमच्या माडीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सात जण सोलापुरात कन्ना चौकाजवळ माझ्या माडीवर जमतो. एक जुना कॉम्प्युटर, एक खरं कन्सोल, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढीच तयारी असते. नवीन माणूस आला की पहिल्या तासात ठरलेले प्रश्न येतातच. उत्तरं मी तोंडी खूपदा दिली, पण फ्रेमचे, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचे, आकडे तोंडी सांगून डोक्यात राहत नाहीत. म्हणून ती इथे लिहून ठेवतोय.

टास म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव टूल-असिस्टेड स्पीडरन. जुन्या कन्सोलवरचा गेम कमीत कमी वेळात संपवण्यासाठी कुठल्या क्षणी कुठलं बटण दाबायचं याची जी यादी बनवतात, तिला टास म्हणतात. गेम इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर, चालवायचा, एक फ्रेम पुढे न्यायचा, थांबायचं, विचार करायचा, मग पुढची फ्रेम. चुकलं तर मागे यायचं.

सोलापूरकराला हे समजवायला मला नेहमी जॅकार्ड उपयोगी पडतं. माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. मागाच्या डोक्यावर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. एका कार्डावर आडव्या धाग्याच्या एका ओळीचा हुकूम असतो. छिद्र असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, धोटा मधून धावतो आणि माळ एक कार्ड पुढे सरकते. अशी शेकडो कार्डं ओळीने गेली की चादरीवर मोर उमटतो. टासची फाइल उघडून बघा, तीही अशीच दिसते. एका ओळीत एक फ्रेम. त्या ओळीत आठ जागा: वर, खाली, डावं, उजवं, सिलेक्ट, स्टार्ट, बी, ए. बटण दाबलेलं असेल तिथे अक्षर, नसेल तिथे टिंब. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या प्रसिद्ध टासमध्ये अशा १७,८६८ ओळी आहेत. आम्ही त्याला गमतीने नाही, मनापासून ‘विणणं’ म्हणतो.

मग ही फसवणूक नाही का?

कोणी टास बनवून ‘हे मी हाताने खेळलो’ असं सांगितलं, तर ती फसवणूक. जे आहे ते सांगितलं तर मुळीच नाही.

हा गोंधळ जुना आहे. २००३ मध्ये एका जपानी माणसाने ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ साधारण ११ मिनिटांत संपवल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पडद्यावर तोफगोळ्यांचा पाऊस आणि मारिओ त्यातून असा उड्या मारत जातो की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. बऱ्याच जणांना वाटलं, हा कोणी अचाट खेळाडू आहे. इम्युलेटर वापरलाय हे कळल्यावर तेच लोक चिडले. त्याच वर्षाच्या शेवटी अशा फाइली नीट नियम लावून जमवण्याचं काम सुरू झालं, आणि त्यातूनच पुढे टासव्हिडिओज ही वेबसाइट उभी राहिली. तिथे फाइल द्यावी लागते, नुसता व्हिडिओ चालत नाही. फाइल कोणीही आपल्याकडे चालवून बघू शकतो, त्यामुळे लपवाछपवीला जागा राहत नाही.

माणसाच्या रनमध्ये हात, सराव आणि धीर यांची परीक्षा असते. टासमध्ये ‘हा गेम जास्तीत जास्त किती लवकर संपू शकतो’ या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. दोघांना एका यादीत बसवू नका.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजतात?

यंत्र चालू केल्या क्षणापासून शेवटचं बटण दाबेपर्यंत. हा टासव्हिडिओजचा सर्वसाधारण नियम.

‘शेवटचं बटण’ हे शब्द नीट वाचा. शेवटचा राक्षस मरतो तो क्षण नव्हे, शेवटची अक्षरं पडद्यावर येतात तोही नव्हे. त्यानंतर एकही बटण न दाबता गेम आपोआप संपला पाहिजे, एवढीच अट. त्यामुळे एक वेगळीच कलाकुसर सुरू होते. समजा शेवटी राक्षसाला गोळी लागून तो मरायचाय. गोळी दुरूनच सोडली आणि मग हात बाजूला घेतला, तर ती उडत जाऊन लागेपर्यंतचा वेळ आपल्या हिशोबात धरला जात नाही. कधीकधी तर पडद्यावर शेवट थोडा उशिरा येतो, पण इनपुट लवकर संपतं, आणि नियमाने तोच टास वेगवान ठरतो. नवख्याला हे खटकतं. मलाही सुरुवातीला खटकलं होतं. पण ‘गेम संपला’ हा क्षण प्रत्येक गेममध्ये वेगळा ठरवावा लागतो आणि त्यावर भांडणं होतात. शेवटचं बटण मात्र फाइलमध्ये लिहिलेलं असतं, त्यावर वाद घालता येत नाही.

माणसाने मारिओ ४:५४ मध्ये संपवला आणि टासला ४:५७ लागली. म्हणजे माणूस जिंकला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर: नाही, घड्याळं वेगळी आहेत.

हॅपीली या नावाने काम करणाऱ्याचा २०११ सालचा टास १७,८६८ फ्रेमचा आहे. टासव्हिडिओजवर त्यापुढे ४ मिनिटं ५७.३१ सेकंद लिहिलेत. हे घड्याळ यंत्राचा खटका दाबल्यावर लगेच सुरू होतं. टायटलचा पडदा, स्टार्ट दाबणं, ‘वर्ल्ड १-१’ (पहिल्या जगातली पहिली पातळी) लिहिलेला काळा पडदा हे सगळं त्यात आलं. माणसाच्या रनचं घड्याळ मात्र १-१ चा पडदा उघडून गेमच्या घड्याळाचा ४०० चा आकडा दिसतो तिथे सुरू होतं आणि शेवटच्या ८-४ पातळीत कुऱ्हाडीला हात लागला की थांबतं. निफ्टस्की या खेळाडूने २०२१ मध्ये याच घड्याळाने ४:५४.९४८ केले. ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत येण्याची ती पहिली वेळ, पुढे तो आकडा आणखी खाली आला. आता टासला माणसाचं घड्याळ लावा. तो ४ मिनिटं ५४ आणि वर साधारण पाव सेकंद इतका भरतो. म्हणजे टासच पुढे आहे, पण २०२१ मध्येच माणूस त्याच्या पाऊण सेकंदाच्या आत आला होता. पाच मिनिटांच्या खेळात पाऊण सेकंद! मला तर त्या माणसाच्या हातांचं जास्त कौतुक वाटतं.

म्हणून आमच्या माडीवर एक रीत आहे. कोणी वेळ सांगितली की लगेच विचारायचं, ‘कुठून कुठपर्यंत?’

सेकंदाला ६० फ्रेमच ना? मग भागाकार सोपा आहे.

६० नाहीत. निन्टेंडोचं आठ बिटवालं जुनं यंत्र अमेरिकन-जपानी पद्धतीत सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम दाखवतं. सेगा जेनेसिस ५९.९२. गेम बॉय ५९.७३ च्या आसपास. पाच मिनिटांच्या रनमध्ये ६० धरलं की निन्टेंडोवर अर्ध्या सेकंदाची चूक होते, आणि इथे लोक एकेका फ्रेमसाठी महिने घालवतात. आधी फ्रेम मोजा, भागाकार नंतर.

लहानपणी आमच्या यंत्रावर मारिओ हळू पळायचा असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. ज्यांच्याकडे ‘९९ लाख ९९ हजार ९९९ गेम एकात’ अशी कॅसेट आणि नकली कन्सोल होतं, त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव खरा आहे. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. अशा टीव्हीसाठी बनवलेल्या बऱ्याच नकली यंत्रांवर कॅसेट मात्र ६० वाल्या पद्धतीची असायची. गेमचा हिशोब फ्रेमने चालतो. फ्रेम कमी आल्या की मारिओ कमी पळणार, गाणंही संथ वाजणार.

हिशोब करून बघा. तेच १७,८६८ फ्रेम ५०.००७ च्या वेगाने चालवले तर ५ मिनिटं ५७.३१ सेकंद लागतात. ४:५७.३१ शी ताडून बघा, बरोबर एक मिनिट जास्त. हा आकडा जुळला तेव्हा मी वही घेऊन जिन्यात गेलो आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवून आलो.

युरोपात अधिकृत विकलेल्या पाल कॅसेटचा प्रश्न निराळा. त्यातल्या काहींमध्ये वेगाचे आकडे बदलून घेतलेत, मारिओमध्ये तर भिंतीत शिरायचे हिशोबही वेगळे. टास बनवताना आवृत्ती कुठली ते आधी लिहायचं, आणि खास कारण नसेल तर ६० वाली घ्यायची.

पडद्यावर गेमचं स्वतःचं घड्याळ असतं. तेच का धरत नाहीत?

कारण गेमचा ‘सेकंद’ सेकंद नसतो. मारिओमधला ४०० चा आकडा दर २४ फ्रेमला एकने उतरतो, म्हणजे ०.४ सेकंदाला. ४०० म्हणजे १६० सेकंद.

शिवाय हे घड्याळ स्वतः वेळ खातं. मारिओमध्ये पातळी संपताना उरलेला आकडा गुणांत बदलला जातो आणि तो उतरेपर्यंत थांबावं लागतं. झेंड्याला हात लावताना शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल तर तेवढे फटाके उडतात. लहानपणी फटाक्यांसाठी आम्ही जीव टाकायचो. टासमध्ये एकही फटाका उडू द्यायचा नाही, प्रत्येक फटाक्यामागे वेळ जातो.

‘सुपर मेट्रॉइड’मध्ये शेवटी गेमच वेळ सांगतो, पण दारातून जाताना आणि थांबवलेल्या पडद्यावर त्याचं घड्याळ चालत नाही. त्यामुळे खऱ्या वेळेत सगळ्यात जलद आणि गेमच्या वेळेत सगळ्यात जलद असे दोन वेगळे टास होतात. दोन्ही बघण्यासारखे आहेत.

२१ फ्रेमचा नियम समजावून सांगा.

इथे जरा थांबतो. हे समजलं की पहिल्या मारिओचं अर्ध गणित समजलं.

सोलापूर गिरण्यांचं गाव होतं, तेव्हा पाळी बदलायची ती भोंग्यावर. तुम्ही फाटकाशी वीस मिनिटं आधी पोहोचा की अर्धा मिनिट आधी, आत सोडणार भोंगा झाल्यावरच. उशीर झाला तर पुढच्या भोंग्यापर्यंत बाहेर. मारिओमध्येही असा भोंगा आहे, तो दर २१ फ्रेमला होतो. पातळी संपल्यावर ‘आता पुढे जायचं का’ ही तपासणी प्रत्येक फ्रेमला होत नाही. आत एक मोजणी २० पासून ० पर्यंत उतरत असते आणि ती ० ला पोहोचली की पुढची पातळी उघडते. २१ फ्रेम म्हणजे ०.३५ सेकंद.

याचा परिणाम असा. तुम्ही १-१ मध्ये जिवाचं रान करून ५ फ्रेम वाचवल्या, पण तरीही आधीच्या भोंग्याच्या नंतरच पोहोचलात, तर वाचलं शून्य. पुढच्या पातळीत तुम्ही आणि ५ फ्रेम उशिरा आलेला खेळाडू एकाच क्षणी उभे. वाचवायचं तर पूर्ण भोंगा वाचवायला हवा. म्हणून या गेमचे विक्रम ०.३५ च्या पायऱ्यांनी खाली येतात. अपवाद फक्त शेवटच्या ८-४ चा. तिथे पुढची पातळीच नाही, घड्याळ कुऱ्हाडीवर थांबतं, त्यामुळे तिथे एकेक फ्रेम मोलाची.

याचा एक चांगला उपयोगही होतो. एखाद्या पातळीत भोंग्याला १५ फ्रेम शिल्लक असतील, तर तेवढ्या वेळात मारिओला नाचवता येतं. बघणाऱ्याला वाटतं उगाच वेळ घालवतोय. वेळ जातच नसतो.

लॅग फ्रेम म्हणजे?

निन्टेंडोच्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये तीस हजारांना थोडे कमी ठोके मिळतात. पडद्यावर शत्रू आणि गोळ्या वाढल्या की तेवढ्यात काम उरकत नाही. मग गेम ती फ्रेम तशीच जाऊ देतो आणि कंट्रोलरही वाचत नाही. म्हणून काही टासमध्ये खेळाडू वाट वाकडी करून एखादा शत्रू मारतो. ते शौर्य नसतं, पडद्यावरची गर्दी कमी करणं असतं.

जुने इम्युलेटर हा लॅग कमी दाखवायचे. अचूक इम्युलेटरवर तोच खेळ मोजला तर वेळ वाढते, खेळ चांगला झाला असला तरी. जुन्या-नव्या टासची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

ग्लिच म्हणजे बिघाडच ना? मग कॅसेट हलवून केलेला ग्लिच का चालत नाही?

यंत्र बिघडणं आणि प्रोग्राममधली फट यांत फरक आहे. कॅसेट तिरकी केली, टकटक केली, तर संपर्क तुटतो आणि मेमरीत काहीही येतं. ते पुन्हा तसंच घडवता येत नाही आणि फाइलमध्ये लिहिता येत नाही. टासला फक्त कंट्रोलरच्या आणि यंत्रावरच्या बटणांतून जे सांगता येतं तेच चालतं. त्या वाटेने जाऊन गेम वेडंवाकडं वागला, तर तो त्याच्या लेखकाने लिहिलेल्या सूचनाच पाळत असतो. लेखकाला तसं होईल हे सुचलं नव्हतं, एवढंच.

ते ‘वर्ल्ड -१’ काय प्रकरण आहे?

आमच्या वेळी शाळेत अफवा होती की एका मुलाला मारिओमध्ये गुप्त जग सापडलंय. त्या मुलाला आम्ही खोटारडा ठरवलं. तो खरं बोलत होता.

१-२ च्या शेवटी, बाहेर जाणाऱ्या पाइपपाशी, विटांच्या कोपऱ्यावर पाठमोरी उडी नेमक्या जागी पडली की मारिओ भिंतीत अडकतो. भिंतीत अडकलेल्याला बाहेर ढकलायचं काम गेम करतो, पण इथे तो चुकीच्या बाजूला ढकलतो आणि मारिओ भिंतीतून सरकत पलीकडे तीन पाइपांच्या खोलीत जातो. त्या पाइपांवर ४, ३, २ हे आकडे पडदा ठरावीक जागेपर्यंत सरकल्यावर लिहिले जातात. मारिओ भिंतीतून आला, पडदा तेवढा सरकलाच नाही, त्यामुळे पाइपांत दुसऱ्या एका खोलीचे आकडे तसेच राहिले. त्या खोलीत मधल्या पाइपावर ५ असतो आणि बाजूच्या दोन जागा रिकाम्या. रिकामं दाखवण्यासाठी चित्रांच्या तक्त्यातली ३६ क्रमांकाची कोरी चौकट वापरलीय. म्हणून डाव्या किंवा उजव्या पाइपात शिरलात की गेम तुम्हाला ३६ व्या जगात नेतो. पडद्यावर लिहितो ‘३६-१’, पण ३६ चं चित्र कोरं, त्यामुळे दिसतं ‘ -१’. आत पाण्याची एक पातळी, जी संपली की पुन्हा सुरू होते.

वेळेच्या दृष्टीने निरुपयोगी, तिथून बाहेर पडायची वाट नाही. पण ३६ आणि कोरी चौकट हे कळल्यावर मी त्या शाळासोबत्याला फोन केला आणि एवढ्या वर्षांनी त्याची माफी मागितली.

झेंड्याच्या खांबाचा ग्लिच कसा होतो?

खांबाच्या पायथ्याशी एक घट्ट चौकोन आहे. मारिओ त्या चौकोनात थोडा रुतून खांबाला लागला, तर झेंडा खाली उतरायची वाट न बघता तो थेट किल्ल्याकडे चालू लागतो. वाचलेला वेळ एका भोंग्याहून जास्त. आधी हे टासवाल्यांचं काम समजलं जायचं. आता अव्वल खेळाडू हाताने करतात, त्यासाठी मारिओ नेमक्या कुठल्या बिंदूवर उभा हवा हे त्यांनी पाठ केलंय.

डावं आणि उजवं एकदम दाबणं चालतं का?

टासमध्ये चालतं. मूळ पॅडवर मधे खुंट असल्याने दोन्ही एकदम दबत नाहीत, आणि गेम लिहिणारे त्याच भरवशावर राहिले. ‘झेल्डा २’ मध्ये दोन्ही दाबले की त्यातला नायक लिंक भन्नाट वेगाने सुटतो. माणसांच्या मारिओ रनमध्ये याला बंदी आहे. आमच्या घरच्या एका नकली पॅडचा खुंट झिजला होता, त्यावर हे खरोखर व्हायचं आणि आम्ही पॅड खराब झाला म्हणून टाकून दिला.

सेव्ह होत असताना यंत्र बंद करणं नियमात बसतं?

रिसेटचं किंवा चालू-बंदचं बटण हेही इनपुट धरलं जातं, त्यामुळे हो. पहिल्या पोकेमॉन गेमचं उदाहरण बघा. सेव्ह अर्धवट झालेलं असताना यंत्र बंद केलं की काही भाग लिहिला जातो, काही तसाच राहतो. जिथे तुमच्याकडे किती पोकेमॉन आहेत तो आकडा असतो, तिथे २५५ राहतो. गेम मानतो की तुमच्याकडे २५५ पोकेमॉन आहेत. सहाच्या पुढचे पोकेमॉन म्हणून तो जे दाखवतो ती मेमरीतली भलतीच माहिती असते, आणि ‘पोकेमॉनची अदलाबदल’ करता करता तुम्ही ती माहितीच हलवत असता. तिथून थेट शेवट गाठता येतो.

अर्धवट सेव्ह काय करतं हे मी वेगळ्या तऱ्हेने शिकलो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४३ अंश, मी ‘काँट्रा’ या गेमच्या धबधब्याच्या पातळीवर तीन आठवडे विणलेली फाइल सेव्ह करत होतो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. फाइल शून्य बाइटची झाली. त्या दिवसापासून दर शनिवारी फाइलच्या दोन प्रती, एक पेनड्राइव्हवर. तुम्हीही ठेवा.

काही टास काही क्षणांतच गेम संपवतात. तो खेळ म्हणायचा का?

याला आर्बिट्ररी कोड एक्झिक्यूशन म्हणतात. साध्या भाषेत, खेळता खेळता गेमला आपलं लिहिलेलं काम करायला लावणं. प्रोसेसरला ‘पुढची सूचना कुठे आहे’ हे सांगणारा एक आकडा असतो. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओच्या डायनोसॉरला, योशीला, जे गिळता येऊ नये ते गिळायला लावलं की तो आकडा भरकटतो आणि प्रोसेसर अशा जागी येतो जिथे सूचना नसून वस्तूंच्या जागा लिहिलेल्या असतात. कासव पडद्यावर कुठे पडलंय, हा आकडा त्याला हुकूम वाटतो. म्हणून आधी कासवं मोजून-मापून ठेवायची. जानेवारी २०१४ मध्ये ऑसम गेम्स डन क्विक या स्पीडरनच्या मेळाव्याच्या मंचावर टासबॉट नावाच्या यंत्राने खऱ्या कन्सोलवर हाच प्रकार करून मारिओच्या गेममध्ये पाँग आणि स्नेक खेळून दाखवले. २०१६ मध्ये सेथब्लिंग या खेळाडूने हाताने, बटणं दाबून, त्यात फ्लॅपी बर्ड भरला. हाताने!

‘मारिओ ३’ची गोष्ट आणखी बारीक आहे. निन्टेंडोच्या आवाजाच्या एका भागामुळे कंट्रोलर कधीकधी चुकीचा वाचला जातो. म्हणून हा गेम कंट्रोलर दोनदा वाचतो आणि दोन्ही उत्तरं सारखी आली तरच पुढे जातो, नाही तर पुन्हा वाचतो. आता एका फ्रेमच्या आत प्रत्येक वाचनाला वेगळं उत्तर दिलं तर? गेम वाचतच बसतो, त्याचं वेळापत्रक कोलमडतं आणि तिथून आत शिरता येतं.

खेळ म्हणायचा की नाही? माझं मत स्पष्ट आहे. हे वेगळ्या यादीत असावं, आणि तसं ते असतंही. पण ‘बुद्धी वापरली नाही’ असं जो म्हणेल त्याने कासव ठेवायचा हिशोब एकदा स्वतः करून बघावा.

टासमध्ये नशीब नेहमी चांगलंच कसं?

त्या यंत्रात नशीब नसतंच. पहिल्या मारिओमध्ये ‘योगायोगा’चा आकडा दर वेळी एकाच संख्येपासून सुरू होतो आणि फ्रेमगणिक ठरलेल्या रीतीने बदलतो. त्याच फ्रेमला तिथेच पोहोचलात तर राक्षस बाउझर तीच आग तिथेच ओकणार. नको असेल तर एक फ्रेम उशीर करून बघा.

‘काँट्रा’मध्ये ३० जीवांचा कोड वापरला तर?

साधारणपणे कोड चालत नाहीत. टासमध्ये लागतही नाहीत. न मरता जायचं असेल तर तीस जीव कशाला, आणि वर-वर-खाली-खाली दाबण्यातच फ्रेम जातात.

ही फाइल खऱ्या यंत्रावर चालते का?

चालली तर त्याहून मोठं समाधान नाही. एक छोटं सर्किट कंट्रोलरच्या जागी जोडतात. कन्सोल ‘आता कुठलं बटण?’ असं विचारतो तेव्हा ते पुढची ओळ देतं. इम्युलेटर जिथे खऱ्या यंत्रापेक्षा वेगळा वागला असेल, तिथे खेळ घसरतो. याला डीसिंक म्हणतात. मारिओ एका फ्रेमने मागे पडतो, मग एका खड्ड्याच्या काठाला पाय लागतो, मग खड्ड्यात. पण बटणं दाबली जातच असतात. वडील सांगायचे, माळेतलं एक कार्ड दुहेरी गेलं की मोराची मान एका रेषेत आणि चोच दुसऱ्या. आमच्या माडीवर पहिल्यांदा डीसिंक बघितला तेव्हा ते शेजारीच बसले होते. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘कार्ड सरकलं.’

एक टास बनवायला किती वेळ लागतो?

पाच मिनिटांच्या खेळाला आठवडे, कधी वर्षं. मागे जाऊन किती वेळा पुन्हा केलं तो आकडाही फाइलमध्ये नोंदवला जातो, हजारांत जाणं नेहमीचं. आता बरेच जण लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटे प्रोग्राम लिहून हजारो शक्यता यंत्रालाच तपासायला लावतात.

मला सुरू करायचंय. पहिल्या दिवशी काय करू?

स्वतःच्या कॅसेटची प्रत, बिझहॉक किंवा एफसीईयूएक्स यांपैकी एक इम्युलेटर, आणि एक वही. फक्त १-१ घ्या. सेव्ह स्टेट (गेमचा तो क्षण जसाच्या तसा साठवून ठेवणं), एक-एक फ्रेम पुढे जाणं आणि मेमरीतले आकडे बघणं, एवढी तीन साधनं शिका. मेमरीतला मारिओचा वेग उघडून ठेवा आणि तो प्रत्येक फ्रेमला किती वाढतो ते वहीत उतरवा. स्टार्ट कुठल्या फ्रेमला दाबला की गेम पहिल्यांदा ऐकतो, ते शोधण्यातच पहिली संध्याकाळ जाईल. त्याआधीच्या फ्रेमला दाबलेलं बटण गेम वाचत नाही. ती फ्रेम सापडली की वहीत तारीख घालून लिहा आणि शनिवारी घेऊन या, आपण माझ्या आकड्याशी ताडून बघू.